घेताना भंगार

धुळ्यात पारोळा रोडला, पत्र्याच्या शेडमागं,
रज्जाक पिंजारीच्या गोदामात
एप्रिल असा तापलेला
की लोखंडाला हात लावायचा तर आधी रुमाल.
पंख्यांची पाती, एसटीच्या खिडक्यांचे गज,
कुठल्याशा गिरणीचं चाक,
आणि कोपऱ्यात, गोणपाटाखाली,
गुडघे पोटाशी घेतल्यासारखं
डुक्कर फियाटचं इंजिन.

सुपडू मिस्त्रीनं गोणपाट लगेच उचललं नाही.
आधी बिडी विझवली.

"काय करशी याले?" रज्जाकभाईनं मला विचारलं.
मी अमळनेरच्या कोर्टात टायपिस्ट.
बोटांना अक्षरं ठाऊक, नटबोल्ट नाहीत.
म्हटलं, गाडी आहे घरी. पोट रिकामं.
बॉनेटखाली दोन वर्षं कोंबडी अंडी घालते
आणि बायको म्हणते, बरं झालं,
कुणाच्या तरी कामाला आली.

गाडीतून निघाल्यावर
हे सारंगखेड्याच्या जत्रेत पाळणा फिरवायचं म्हणे.
मग मळणीयंत्र. मग काहीच नाही.
एक्झॉस्टच्या तोंडात
कुंभारणीनं मातीचं घर बांधलेलं, पक्कं,
बिनभाड्याचं.

सुपडूनं प्लग काढले. करंगळी आत घातली,
नख भिंतीवरून वर ओढलं, थांबला,
पुन्हा ओढलं.
ऑइलची काडी हुंगली.
डोळे मिटून, लग्नाच्या पंगतीत वरण हुंगावं तशी.
"जीव से यामां," एवढंच म्हणाला,
आणि तेही हळू, भाव वाढू नये म्हणून.

भाव वाढलेलाच होता.
मी म्हटलं, अहो, तुम्ही किलोवर घेतलं असेल ना हे?
रज्जाकभाई तराजूची साखळी सोडवत म्हणाला,
"घेताना भंगार, भाऊ. देताना इंजिन."
याच्यावर काय बोलणार?
कोर्टात अशी वाक्यं रोज टाइप करतो,
पण इतकी थोडक्यात नसतात.

छोट्या हत्तीत मागं, केळीच्या घडांच्या दोरीनं बांधून आणलं.
सुपडू पुढं बसायला तयार नाही.
नवलनगरला चहा घेतला तो त्यानं मागंच,
एक तळवा ब्लॉकवर,
आजारी बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

रात्री अंगणात, बल्ब लोंबत सोडून,
इंजिन पालथं केलं. चेंबर उघडलं.
काळ्या गाळाखाली कॉनरॉडच्या टोप्यांवर
छिन्नीनं कोरलेलं: १. २. ३.
आणि चौथ्यावर आकडा अर्धाच.
छिन्नी घसरली असेल
किंवा कुणी जेवायला हाक मारली असेल.
मी म्हटलं, घासून नीट करू.
सुपडू म्हणाला, राहू दे.
त्यानं परत येऊन पूर्ण करायचं ठेवलंय.

मग सरळ उभं करून प्रत्येक भोकात
डिझेल आणि ऑइल, अर्धं अर्धं, चहाच्या कपानं.
आता सकाळपर्यंत काम नव्हतं.
कळण्याची भाकर, ठेचा, कांदा फोडलेला.
विचारलं, तुझं नाव सुपडू का रे?

"माझ्याआधी तीन गेले.
मायनं मला सुपात घातलं,
शेजारणीला दिलं पायलीभर दादरला,
आणि दुपारी परत घेतलं, सव्वा पायलीला."
कांद्याचं सालटं टिचकीनं उडवत म्हणाला,
"शेजारीण पक्की. पाव पायली मारलीच तिनं.
पण सेकंडहँड माल झालो ना.
यमानं पाहिलं नाही."

पहाटे बॅटरी घेऊन वाकलो.
एक नंबरनं प्यायलं होतं. तीननं. चारनं.
खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर तीन काळे डाग.
दोनमधलं तेल जसंच्या तसं,
बॅटरीचा उजेड वर फेकत.

मी क्रँकला पाना लावू लागलो.
सुपडूनं मनगट धरलं.
बोटं मोजून दाखवली, शाळेत न गेलेल्यानं
ठिणगीचा पाढा:
"एक. तीन. चार. दोन.
दोनची पाळी तशीही शेवटीच येते."
आणि कपात पुन्हा
अर्धं अर्धं ओतायला घेतलं.

गाडीखालून कोंबडी बाहेर आली,
इंजिनाकडं एका डोळ्यानं पाहिलं,
परत आत गेली.